घसारा आणि वारसा

बी.कॉम. झालेल्या माणसाला जगातल्या दोनच गोष्टी पक्क्या कळतात : येणे आणि देणे. तिसरी गोष्ट घसारा. पण ती चाळिशीनंतर आपोआपच कळते. वस्तू जुनी झाली की तिची किंमत दरवर्षी थोडी कमी लिहायची, हा नियम मी बँकेत गेली तेवीस वर्षे पाळतो आहे. आमच्या शाखेतल्या सागवानी काउंटरची वहीतली किंमत आता एक रुपया आहे. माझी अजून कोणी लिहिलेली नाही. पण साहेबांच्या नजरेत आकडा दिसतो.

या नियमाला पहिला धक्का बसला तो अमेरिकेत. माझा मेहुणा लॉस एंजेलिसला असतो. एका रविवारी तो म्हणाला, "भाऊजी, आज तुम्हाला एक ऐतिहासिक वास्तू दाखवतो." ऐतिहासिक म्हटल्यावर मी कॅन्व्हासचे बूट चढवले, हिने पाण्याच्या दोन बाटल्या आणि लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. गाडी थांबली ती डाउनी नावाच्या उपनगरात, मॅक्डोनाल्डच्या दुकानासमोर!

"अहो, हे तर आपल्याकडेही आहे!" ही म्हणाली.

पण असे नव्हते. दोन्ही बाजूंना छप्पर भेदून वर गेलेल्या ३० फुटी पिवळ्या कमानी, लाल-पांढऱ्या फरश्या, आणि खांबावर निऑनच्या पायांनी धावणारा 'स्पीडी' नावाचा आचारी. हे दुकान १९५३ सालचे. कमानींची कल्पना मॅक्डोनाल्ड बंधूंपैकी रिचर्डची, आराखडा स्टॅन्ली मेस्टन या वास्तुविशारदाचा. एवढा भपका कशाला? तर गिऱ्हाईक पायी येत नव्हते, मोटारीतून भरधाव चालले होते. त्याला लांबूनच दिसले पाहिजे आणि ब्रेक दाबायला वेळ मिळाला पाहिजे. त्या काळी तिकडच्या उपनगरांतली दुकाने अशीच उड्डाणाच्या तयारीत उभी असत. डाउनीला ते शोभलेही, कारण चंद्रावर गेलेल्या अपोलोची माणसे बसायची कुपी याच गावच्या कारखान्यात तयार झाली.

विद्वानांना मात्र हे आवडले नाही. सनसेट बुलेव्हार्डवर जॉन लॉटनरने १९४९ मध्ये 'गूगीज' नावाचे कॉफीचे दुकान बांधले होते. १९५२ मध्ये डग्लस हॅस्केल या संपादकाने असल्या सगळ्या बांधकामाला थट्टेने 'गूगी' म्हटले. पुढे थट्टेचे नाव शैलीचे नाव झाले. आणि शैलीला मान मिळू लागला तोवर, १९८९ मध्ये, मूळ गूगीजच पाडले गेले.

डाउनीचे दुकान वाचले कसे? कोणाच्या कलाप्रेमाने नव्हे, करारातल्या एका कलमाने. त्याच्या मालकांचा करार थेट मॅक्डोनाल्ड बंधूंशी होता. १९६१ मध्ये रे क्रॉकने बंधूंकडून सगळा धंदा २७ लाख डॉलरना घेतला. पुढे इतर दुकानांच्या कमानी उतरवून त्यांवर तपकिरी छपरे चढली. हे दुकान मात्र त्या हुकमाबाहेर राहिले. म्हणजे आमच्या शाखेत एखादा माणूस बदलीच्या यादीत नावच नसल्यामुळे वीस वर्षे एकाच खुर्चीवर राहतो, तसे!

१९९० मध्ये ते कंपनीकडे आले. धंदा कमी, त्यात १९९४ च्या भूकंपाचा दणका. कंपनीने पाडायचे ठरवले. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय वारसा न्यासाने त्याला धोक्यातल्या अकरा वास्तूंच्या यादीत घातले, लोकांनी ओरड केली, आणि १९९६ मध्ये ते डागडुजी होऊन पुन्हा उघडले. सफरचंदाची पाय तिथे अजून तळूनच देतात. हिने दोन खाल्ल्या.

सगळीच इतकी नशीबवान नसतात. त्याच गावात १९५८ सालचे 'जॉनीज ब्रॉयलर' भाडेकरूने २००७ च्या एका रविवारी विनापरवाना पाडायला घेतले. लोकांनी धावत जाऊन थांबवले. उरलेल्या तुकड्यांवरून २००९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. तिकडे डेस प्लेन्समध्ये क्रॉकचे १९५५ चे पहिले दुकान १९८४ मध्ये पाडले, मग चुकल्यासारखे वाटून त्याची प्रतिकृती बांधली, आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीही पाडली. याला जमाखर्चात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

मेहुण्याने शेवटी खरी मेख सांगितली. तिथे राष्ट्रीय वारशाच्या नोंदवहीत नाव लागायला वास्तू साधारण पन्नास वर्षांची असावी लागते. म्हणजे वाईट काळ तिशी ते पन्नाशीचा. तेव्हा ती नवी नसते आणि पुरेशी जुनीही नसते; नुसती जुनाट असते. हातोडा पडतो तो याच वयात. राजवाड्यांचे ठीक आहे, त्यांना जन्मापासून मान. पण जिथे आपण मुलाला आइस्क्रीम घेऊन दिले, पहिला पगार जमा केला, त्या जागांना कोण विचारतो?

परत आलो तो शाखेच्या नूतनीकरणाचे परिपत्रक टेबलावर. काउंटर काढून तिथे काच बसणार. शाखा उघडली तेव्हापासूनचे काउंटर! नाणी सरकवून सरकवून त्याला बशीएवढा खळगा पडला आहे. मी फायलीत लिहिले : 'काउंटर जतन करावे.' साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, "अहो, याची किंमत एक रुपया आहे."

"म्हणून तर म्हणतोय, साहेब," मी म्हणालो.

निविदा अजून निघालेली नाही. काउंटरची पन्नाशी केव्हाच उलटली आहे. मी सत्तेचाळीसचा आहे. मला अजून तीन वर्षे काढायची आहेत.