नक्षी, नाते आणि ठिकाण: हेलिकोनियसच्या ओळखीचा इतिहास

हेलिकोनियस मेल्पोमेनी आणि हेलिकोनियस एराटो ही मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतली दोन फुलपाखरे. लिनियसने १७५८ साली दोघांची नोंद केली. दोघांचे सुरवंट कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि दोन्ही फुलपाखरे पक्ष्यांना विषारी, बेचव लागतात. पनामात दोघांच्याही काळ्या पंखांवर पुढे तांबडा पट्टा आणि मागे पिवळी रेघ असते. फ्रेंच गयानात ही पिवळी रेघ नसते. पूर्व पेरूच्या सखल जंगलात पुढचा पट्टा पिवळा होतो आणि मागच्या पंखावर नारिंगी-तांबडे किरण पसरतात. प्रदेश बदलला की नक्षी बदलते, आणि दोन्ही फुलपाखरे ती जोडीनेच बदलतात.

संग्राहकांची फसगत इथेच झाली. युरोपात पोहोचलेल्या प्रत्येक वेगळ्या नक्षीला वेगळी प्रजाती समजून नाव मिळत गेले. निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स मात्र १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला, म्हणून त्याला वेगळे दिसले. ओबिदोसच्या कोरड्या जंगलात मेल्पोमेनी, दमट जंगलात किरणांची थेल्क्सिओपी आणि काही मधल्या भागांत दोन्हींच्या खुणा मिसळलेली फुलपाखरे त्याने पाहिली. एका रूपातूनच दुसरे घडले असावे, हा त्याचा १८६३ च्या प्रवासग्रंथातला तर्क होता. थेल्क्सिओपी आज मेल्पोमेनीचीच उपप्रजाती मानली जाते. दोन विषारी जाती एकसारख्या का दिसतात, याचे उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्यूलरने १८७९ च्या सुमारास दिले: खुणेची नक्षी एकच असली, तर ती ओळखायला शिकताना पक्षी जे बळी घेतात त्यांचा भार दोन्ही जातींत वाटला जातो.

तरी एकाच नक्षीच्या दोन फुलपाखरांतले मेल्पोमेनी कोणते आणि एराटो कोणते, हा प्रश्न उरलाच. हॅरी एल्ट्रिंगहॅमने १९१६ मध्ये नरांच्या जननावयवांची तपासणी करून या दोन जाती वेगळ्या केल्या. १९६४ मध्ये मायकेल एम्सलीने संकरांच्या आधारे नक्षीचे घटक सुटे केले. पट्ट्याचा रंग आणि आकार, पंखाच्या बुडाशी असलेला तांबडा डाग, किरण, पिवळी रेघ हे घटक वारशाने येतात. उपप्रजाती ठरवताना तपासायचे ते हेच, पण त्याआधी जात पक्की करावी लागते. थोडक्यात, ही नक्षी नात्याबद्दल चकवते, ठिकाणाबद्दल मात्र सहसा खरे सांगते. तरी कुठे पकडले याची नोंद नसलेला नमुना फारसा कामाचा नाही.

नक्षीच्या घटकांचे चित्र पुढे जनुकांनी स्पष्ट केले. तांबड्या रंगामागे ऑप्टिक्स हे जनुक असल्याचे २०११ मध्ये दिसले. पट्ट्याच्या आकारामागचे डब्ल्यूएनटी-ए २०१२ मध्ये, तर पिवळ्या रेघेशी निगडित कॉर्टेक्स २०१६ मध्ये पुढे आले. मेल्पोमेनी आणि एराटो दोघांतही नक्षीचे सूत्र बऱ्याच अंशी याच जनुकांच्या हाती आहे.

दोन उपप्रजातींच्या सीमेवर मात्र नावे कमी पडतात. पेरूत तारापोतोजवळ तांबडा पट्टा व पिवळी रेघ असलेली रूपे आणि किरणांची रूपे एकमेकांत मिसळतात. जेम्स मॅलेट आणि निक बार्टन यांनी तिथे एराटोची फुलपाखरे सीमेपलीकडे नेऊन सोडली. परक्या नक्षीची फुलपाखरे स्थानिकांपेक्षा कमी टिकली, असे त्यांनी १९८९ मध्ये मांडले. सीमेवरच्या अरुंद पट्ट्यातल्या मिश्र फुलपाखरांना कोणत्याही एका उपप्रजातीचे नाव देता येत नाही. त्यांची नोंद संकर म्हणूनच होते.