कुर्ल्याची फियाट आणि नरम पॅडल

नरम ब्रेक पॅडलवर मुंबईच्या गॅरेजवाल्याकडे एकच निदान तयार असतं: एअर आहे. मग एक पोऱ्या आत बसून पॅडल मारतो, दुसरा चाकापाशी आडवा होऊन निपल सैल करतो, आणि बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत ‘मार’, ‘धर’, ‘सोड’ एवढेच तीन शब्द ऐकू येतात. निदान वाईट नाही. निम्मं शतक ते इतक्या वेळा बरोबर ठरलं की पुढे तपासायची सवयच राहिली नाही. फियाटला डिस्क ब्रेक लावायची हौस आली आणि तिथे ते तोंडघशी पडलं.

आमचं गॅरेज परळचं, वडिलांनी काळ्यापिवळ्या टॅक्स्यांवर उभं केलेलं. ते गिऱ्हाईक संपलं. शेवटची पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, टॅक्सी म्हणून ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. आता येतात त्या खासगी फियाट, आजोबांच्या नावावरच्या, नातवाने रंगवून घेतलेल्या. नातू सांगतो, “काका, पुढे डिस्क टाकलीय, चार ठिकाणी एअर काढून झाली, तरी पॅडल नरमच.” चार ठिकाणी एअर काढून झाल्यावर पाचव्या ठिकाणी एअर असायची शक्यता फारशी नसते. तिथून पुढे गाडीचा इतिहास बघावा लागतो.

वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढली. कारखाना कुर्ल्याला. त्या काळी परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणून इथे जोडण्याचा धंदा होता. जनरल मोटर्सचा असा कारखाना शिवडीला 1928 पासून चालू होता. मग सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी नको, टप्प्याटप्प्याने सगळं इथेच बनवा. जनरल मोटर्सने 1954 साली गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र टिकली, आणि 1964 पासून तिने फियाट 1100 डी काढली, जिला लोक ‘डिलाइट’ म्हणत. पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. नाव बदललं, पत्र्याच्या आतलं सामान बहुतेक तेच राहिलं: 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

खरी गंमत इटलीत झाली. 1966 साली फियाटने याच गाडीची शेवटची आवृत्ती, 1100 आर, बाजारात आणली आणि तिला पुढच्या चाकांना डिस्क दिली. म्हणजे आज आमच्याकडचा नातू जे कुर्ल्यातल्या भंगारातून कॅलिपर आणून करू पाहतो, ते तुरिनच्या इंजिनिअरांनी तेव्हाच आखून, मोजून केलं होतं. आपल्याकडे ती आवृत्ती आलीच नाही. परवान्यांचं राज्य, परकीय चलनाची टंचाई, आणि गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं रांगेत उभं. असं गिऱ्हाईक असताना साचे बदलायला कोण पैसे घालेल? मी प्रीमियरला दोष देत नाही. पण तीन वर्षांत इटलीने 1100 बंद करून पुढची 128 काढली आणि आपण पुढेही दशकानुदशकं ड्रमवरच चालत राहिलो, हे खरं.

ड्रम वाईट होता असंही नाही. मुंबईत टॅक्सी धावायची केवढ्या वेगाने? मोहम्मद अली रोडवर चाळीसचा काटा दिसला तर ड्रायव्हर खूश. ब्रेकचा कस लागायचा दोन ठिकाणी. एक हिंदमाताला, जिथे पावसात ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि पुढचा फर्लांगभर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून तो वाळवत जावं लागायचं. दुसरं बोरघाटात. एक्स्प्रेस-वे व्हायच्या आधी खंडाळा उतरताना ड्रम तापून फुगायचा, शूपासून लांब जायचा, आणि पॅडल प्रत्येक वळणाला थोडं खाली. खोपोलीत चहा होईपर्यंत ड्रम निवायचा आणि पॅडल पुन्हा वर. नवख्या माणसाला वाटे, गाडी आपोआप बरी झाली.

या गाडीवर एक अख्खा धंदा पोसला गेला. लायनर रिवेट करून देणारे वेगळे, ड्रम लेथवर घासून देणारे वेगळे, व्हील सिलिंडरचं रबर किट विकणारे वेगळे. लायनरमध्ये तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आमचे मिस्त्री ड्रम उघडून ती धूळ तोंडाने फुंकायचे. आज अंगावर काटा येतो. त्यांचं निदान मात्र पक्कं. पॅडल एकदा खाली आणि दुसऱ्यांदा वर, तर शू झिजले, जवळ घ्या. पाय दाबून धरल्यावर सावकाश बुडत जातं, तर कुठे गळत नाही ना बघा. गळत नसेल तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत तेल सोडतंय. आणि रबरासारखं दबतं, लवचीक लागतं, तर एअर. ड्रमच्या गाडीत या तीन निदानांत जवळजवळ सगळं येऊन जायचं.

ब्रेक ऑइलचं काय? द्रवाच्या दाबाने ब्रेक लावायचं पेटंट माल्कम लॉकहीड याने 1917 साली अमेरिकेत घेतलं, आणि सुरुवातीच्या काळात त्या नळ्यांमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरत असे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, एरंडेलाने नाही, म्हणून एरंडेल. पुढे ग्लायकॉलचं ऑइल आलं, जे हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 ऑइल कोरडं असताना 205 अंशांच्या खाली उकळता कामा नये. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा 140 वर येते. जुलैच्या मुंबईत झाकण उघडं ठेवलेला डबा गाडीत ओतू नये, एवढं सांगून हा विषय सोडतो.

आता नातवाची गाडी. त्याने पुढे दुसऱ्या, नव्या गाडीचे कॅलिपर बसवलेत. मागे ड्रमच आहेत, आणि ते बरोबर आहे. हँडब्रेक मागच्या शूवरच चालतो. मास्टर सिलिंडर जुना. मी पहिल्यांदा निपल बघतो. परक्या गाडीचे कॅलिपर घरी बनवलेल्या ब्रॅकेटवर लावताना डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जातं, मग निपल खाली येतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. दिवसभर पॅडल मारलं तरी ती निघत नाही. कॅलिपर अदलाबदल केले की काम दहा मिनिटांचं.

निपल वर असेल तर होज पाइप एकेक करून दाबून बंद करतो आणि दर वेळी पॅडलवर पाय देतो. सगळे बंद केल्यावर पॅडल दगडासारखं झालं तर मास्टर चांगला आहे. मग एकेक सोडत जायचं. जिथला सोडल्यावर पॅडल खाली येतं, तिथे रोग. बहुतेकदा तो पुढे सापडत नाही, मागे सापडतो: नव्या डिस्कच्या कौतुकात मागचे शू जवळ घ्यायचे राहून गेलेले असतात. ड्रमच्या शूला लांब जायचं असलं की पॅडलचा अर्धा प्रवास तिथेच खर्च होतो.

आणि एवढं करूनही नरम राहिलं, तर मी कागद-पेन्सिल घेतो. पोऱ्याला हे आवडत नाही, गिऱ्हाइकाला त्याहून नाही. समजा मास्टरचा व्यास 19 मिलिमीटर आहे: क्षेत्रफळ साधारण 285 चौरस मिलिमीटर. समजा नव्या कॅलिपरचा पिस्टन 48 मिलिमीटरचा: क्षेत्रफळ 1,810. पॅडची फट आणि कॅलिपरचा ताण धरून प्रत्येक पिस्टनला अर्धा मिलिमीटर पुढे जायचं, म्हणजे दोन्ही मिळून 1,810 घन मिलिमीटर ऑइल हवं. मास्टरमध्ये त्यासाठी सव्वासहा मिलिमीटर प्रवास, आणि पॅडलचं प्रमाण पाचास एक असेल तर पायाखाली बत्तीस मिलिमीटर. मागच्या ड्रमचं अजून धरलंच नाही. या गाडीत हवेचा एक बुडबुडा नसतानाही पॅडल लांब जाणार आणि नरम वाटणार. जुना मास्टर ड्रमच्या छोट्या व्हील सिलिंडरांसाठी कापलेला होता. त्यांचे पिस्टन या कॅलिपरच्या निम्म्या व्यासाचे धरले, तर तेवढ्याच प्रवासाला एका पिस्टनची ऑइलची भूक चौथाई.

एक लबाड भाग अजून राहतो. ड्रमच्या काळातल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरांत तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असे. पाय काढल्यावरही तो नळीत साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवी, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबराचे ओठ भिंतीला टेकून राहत आणि बाहेरची हवा आत शिरत नसे. डिस्कला हा दाब सोसत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, ती तापते, ऑइल उकळायला येतं आणि पॅडल गॅरेजमध्ये घट्ट, दादरला पोचेस्तोवर नरम. हे कळलेला कोणी हुशार मेकॅनिक तो व्हॉल्व्ह उपटून टाकतो, आणि मागच्या ड्रममध्ये हवा शिरू लागते. मागच्या नळीला वेगळा 10 चा व्हॉल्व्ह हवा आणि पुढे कुठलाच नको. मास्टर कॅलिपरपेक्षा खाली बसलेला असला, तरच पुढे 2 पीएसआयचा.

मग मास्टर मोठा करायचा. 22.2 मिलिमीटरचा घेतला तर क्षेत्रफळ 388 होतं, तेच ऑइल पावणेपाच मिलिमीटरमध्ये निघतं, पॅडल तेवीसवर येतं आणि पायाला घट्ट लागतं. गिऱ्हाईक खूश होऊन चेंबूरपर्यंत जातं आणि परत येतं: “काका, आता फार जोर लावावा लागतो.” लागणारच. क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी वाढलं, तेवढाच पायाचा जोरही वाढला. बूस्टर लावता येतो, पण फियाटच्या बॉनेटखाली त्याला जागा करणं हे वेगळं आणि महागडं काम आहे.

माझा सल्ला असतो की मोठा मास्टर नको, कॅलिपर लहान घ्या. 38 मिलिमीटरचा पिस्टन असेल तर जुन्या मास्टरवरही पुढच्या चाकांसाठी पॅडल वीसच मिलिमीटर जातं. पकड कमी पडते हे मान्य, पण 1089 सीसीच्या गाडीला ती पुरते. शर्यतीला कोण निघालंय? पाच जणांना हे समजावलं तर एक ऐकतो. बाकीच्यांना मोठाच कॅलिपर हवा असतो, कारण तो चाकातून दिसला पाहिजे. फियाटच्या पत्र्याच्या रिममधून काहीही दिसत नाही हे सांगितलं की अलॉय व्हीलची चौकशी सुरू होते.