काल्पीचे ऊन : १८५८च्या उन्हाळ्यातील एक विस्मृत प्रतिस्पर्धी

१/ एप्रिल १८५८च्या पहिल्या आठवड्यात झाशी इंग्रजांच्या हाती पडली आणि राणी लक्ष्मीबाई काल्पीस पोहोचल्या. रावसाहेब पेशवे व तात्या टोपे यांचे बळ तेथेच एकवटत होते. पाठलागावर निघालेल्या सर ह्यू रोझच्या फौजेपुढे मात्र आणखी एक प्रतिस्पर्धी होता : बुंदेलखंडातील वैशाखाचे ऊन. #थ्रेड

२/ ७ मे रोजी कोंच येथे लढाई झाली. त्या दिवशी सावलीतच पारा ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियसवर गेला होता. ७१व्या हायलँडर पलटणीतील काही सैनिक अंगाला गोळी न शिवताच मरण पावले. डोल्यांतून आणलेल्यांपैकी कोणी हसत होते, कोणी हुंदके देत होते, कोणी असंबद्ध बडबडत होते.

३/ या लक्षणांचा अर्थ आज स्पष्ट आहे. शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवते. पाणी आणि क्षार कमी पडू लागले की थकवा, घेरी, मळमळ सुरू होते. या टप्प्यावर सावली, पाणी, मीठ आणि विश्रांती मिळाल्यास माणूस सावरतो. ती न मिळाल्यास तापमान शरीराच्या आवाक्याबाहेर जाते, भ्रम होतो आणि प्राण धोक्यात येतात.

४/ सत्तावन्न वर्षांचा रोझ स्वतः त्या दिवशी एकाहून अधिक वेळा उन्हाने कोसळला. डॉक्टरांनी त्याच्यावर थंड पाणी ओतले, उत्तेजक औषधे दिली. तो पुन्हा घोड्यावर चढला. थंड पाण्याचा उपाय योग्यच होता. पण उपचाराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे विश्रांती, आणि ती त्याने घेतली नाही.

५/ कोंचची लढाई इंग्रजांनी जिंकली, तरी विजय अपुरा राहिला. क्रांतिकारकांनी शिस्तीने माघार घेतली. त्या माघारीची प्रशंसा खुद्द रोझने केली. माणसे व घोडी उन्हाने गळून गेल्यामुळे पाठलाग आटोपता घ्यावा लागला. काल्पीच्या फौजेला सावरण्यास जी उसंत मिळाली, तीत या उन्हाचा वाटा मोठा होता.

६/ हा केवळ योगायोग नव्हता. रोझच्या अहवालात विरुद्ध पक्षाच्या एका हुकुमाचा उल्लेख येतो : गोरे सैनिक उन्हात लढले की मरतात किंवा इस्पितळात जातात, म्हणून सकाळी दहाच्या आत त्यांच्यावर हल्ला करू नये. १८५७-५८चा लढा योजनाशून्य होता, असे म्हणणाऱ्यांनी हा हुकूम अवश्य विचारात घ्यावा.

७/ २२ मे रोजी काल्पीजवळ हल्ला झाला, तोही ऊन चढल्यावर. इंग्रजांची एक बाजू मोडण्याच्या बेतात आली. ऐन वेळी रोझने उंटावरील पथक पुढे आणले आणि लढाई फिरली. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली. योजना अचूक होती. उणीव एकसूत्री नेतृत्वाची होती.

८/ ऊन अर्थात पक्ष पाहत नव्हते. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या काळात याच मुलखात होते. ‘माझा प्रवास’मध्ये ते काल्पीकडच्या वाटेवरील एका विहिरीचा प्रसंग सांगतात. धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ राणी लक्ष्मीबाई घोड्यावरून उतरल्या. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा त्यांनी ब्राह्मणाला ते कष्ट घेऊ दिले नाहीत. स्वतः पाणी काढून त्या ओंजळीने प्यायल्या.

९/ इंग्रजी फौजेसाठी विहिरीतून पाणी कोण काढत होते? भिश्ती. उन्हाने पडलेल्यांना खांद्यावरून कोण नेत होते? डोलीवाले. त्याच उन्हात, बहुधा त्याहून कमी पाण्यावर. फौजेचे सावरणे त्यांच्यावर अवलंबून होते. अधिकाऱ्यांची आजारपणे तपशिलाने नोंदली गेली, यांची नावेही नोंदली गेली नाहीत.

१०/ काल्पीनंतर रोझने प्रकृतीच्या कारणास्तव सेनापतिपद सोडले आणि तो मुंबईस परतण्याच्या तयारीला लागला. इतक्यात १ जूनला क्रांतिकारकांनी ग्वाल्हेर घेतल्याची बातमी आली. वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न पाहता त्याने सूत्रे पुन्हा हाती घेतली. त्याबद्दल सरसेनापती कॉलिन कँपबेलचा रोषही त्याने ओढवून घेतला.

११/ एकदा उष्माघात झालेल्या शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कित्येक आठवडे क्षीण राहते. म्हणूनच रोझ पुन्हा पुन्हा कोसळत राहिला, यात नवल नाही. ग्वाल्हेरच्या वाटेवर त्याने शक्यतो रात्रीची कूच केली. बुंदेलखंडातला वाटसरू उन्हाळ्यात जे पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता, ते साम्राज्याची फौज अशी शिकली.

१२/ १६ जूनला रोझ मोरारला पोहोचला. त्याच सुमारास कोटा की सराय येथील रणात राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. ग्वाल्हेर पडल्यावर रोझ अखेर विश्रांतीसाठी मुंबईकडे निघाला. त्याच्यापाशी जायला मुंबई होती आणि त्याच्या जागी उभा राहायला दुसरा सेनापती होता. झाशी, कोंच, काल्पी असे एकेक ठिकाण गमावत आलेल्या राणीपाशी सावरायला वाटेवरची विहीर तेवढी उरली होती.