अंतर्दृष्टीचा अर्थ आणि उपयोग : गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलावांच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :

इतिहासलेखनात राजसत्ता, लढाया आणि महसूल यांना जे स्थान मिळाले, ते सामान्य लोकांच्या जाणतेपणाला क्वचितच मिळाले. याचे प्रमुख कारण साधनांच्या स्वरूपात आहे. सनदा, बखरी आणि बंदोबस्ताचे अहवाल उपलब्ध असतात. परंतु जमिनीचा उतार पाहून पाणी कोठे अडवावे हे ज्याला उमगले, त्याने ते लिहून ठेवलेले नसते. त्याची समज त्याच्या कामातूनच वाचावी लागते. गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलाव, म्हणजे आजच्या बोलीतील ‘मामा तलाव’, हे अशा वाचनासाठी उत्तम साधन आहे. या तलावांच्या आधारे अंतर्दृष्टी या संकल्पनेचा अर्थ, तिचे उपयोग आणि ते उपयोग टिकून राहण्याच्या अटी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतर्दृष्टी : संकल्पना

माहिती, ज्ञान आणि अंतर्दृष्टी हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक त्यांत भेद आहे. माहिती सुटी असते, ज्ञान तिची मांडणी करते, तर अंतर्दृष्टी वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींमधील संबंध एकदम पाहते. मराठीतील ‘मर्म जाणणे’ हा प्रयोग या अर्थाच्या जवळचा आहे. मानसशास्त्रात वोल्फगांग कोहलर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३ पासून टेनेरिफ बेटावर चिंपांझींवर प्रयोग केले. पिंजऱ्याबाहेरचे फळ मिळविण्यासाठी दोन काठ्या एकमेकींत बसविणारा प्राणी केवळ चुका करीत शिकत नाही, तर परिस्थितीतील संबंध त्याला उमगतो, असे त्याने दाखविले. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे पूर्वतयारी, परिपक्वन, प्रकाशन आणि पडताळणी असे चार टप्पे सांगितले. या मांडणीनुसार उमगण्याचा क्षण लहान असला, तरी त्याच्या आधी दीर्घ निरीक्षण आणि नंतर कसोटी असते.

या दोन्ही विवेचनांचा भर व्यक्तीवर आहे. एका व्यक्तीला उमगलेली गोष्ट पुढील दहा पिढ्यांना कशी उपयोगी पडते, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

तलावांचा प्रदेश आणि त्याचे कर्ते

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा प्रदेश आहे. येथे पाऊस पुरेसा पडतो, परंतु तो पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत पडतो. धान निसवण्याच्या वेळी, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमारास, पावसाने दगा दिला तर उभे पीक हातचे जाते. एकूण पाऊस कमी नाही, तो वेळेवर नाही, हे ओळखणे ही येथील शेतीतील पहिली अंतर्दृष्टी होय. तलाव हे या निदानावरचे उत्तर होते.

तलाव बांधण्यात कोहळी समाज अग्रेसर होता. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेत या लोकांचे कौशल्य पाहून त्यांना या मुलखात आणले, अशी कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात नोंदविली आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असा गोंड राजा हीरशहा याचा शिरस्ता होता, अशीही परंपरा आहे. या कथांचे ऐतिहासिक मूल्य तपासून घ्यावे लागेल. तथापि त्यांतील सूत्र महत्त्वाचे आहे. जाणकाराला केवळ शाबासकी नव्हे, तर त्याच्या जाणतेपणाच्या फळात वाटा मिळत होता.

नवेगावबांध : एका तलावाचे वाचन

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी याने बांधला, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आढळते. तेथे या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि परीघ १७ मैल दिला आहे. हे दोन आकडे एकत्र वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. तेवढ्याच क्षेत्राचे गोल तळे असते, तर त्याचा परीघ सुमारे ८ मैल भरला असता. प्रत्यक्ष परीघ दुपटीहून अधिक आहे, कारण पाणी टेकड्यांच्या दऱ्यादऱ्यांत शिरलेले आहे. म्हणजे तलावाचा काठ मुख्यतः निसर्गाने पुरविला आणि माणसाने टेकड्यांमधील मोकळ्या जागा पाळींनी अडविल्या. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांकडे इतरांनीही पाहिले असणार. त्यांच्यात दडलेले भांडे मात्र कोलू पटेलाला दिसले. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याला कोलासूर देव मानले. ग्रामसमाजाने अंतर्दृष्टीची कदर कोणत्या भाषेत केली, याचा हा पुरावा आहे.

अशा नजरेमागे जमिनीची बारीक ओळख होती. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी ही मातीची स्थानिक नावे पुढे ब्रिटिश बंदोबस्तानेही स्वीकारली. कोणती माती पाणी धरते, कोणती पाझरते, पाळीसाठी कोणती घ्यावी आणि बांधीत कोणते धान लावावे, हे या शब्दांतच साठवलेले होते. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला किंवा बोडीला पाणी देई. एका गावाचे ओसंडलेले पाणी दुसऱ्या गावाच्या कामी येई.

अंतर्दृष्टीचे व्यवहारात रूपांतर

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्या दशकातील बंदोबस्तात गावप्रमुखांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले, म्हणून हे तलाव मालगुजारी तलाव ठरले. गावातील रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदविल्या जात. पाणी कोणाला कोणत्या क्रमाने मिळेल, पाळीच्या दुरुस्तीला कोणी हात लावायचा, हे ठरलेले असे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातील गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. त्यामुळे एकाच कामात तलाव खोल होई आणि शेताला खत मिळे. मासेमारीचे ज्ञान ढिवर समाजाकडे होते. अशा रीतीने एकाची सूझ अनेकांच्या नित्यकर्मात उतरली. ज्या शेतकऱ्याला तलावाच्या रचनेचे तत्त्व ठाऊक नव्हते, तोही गाळ उपसून त्या तत्त्वाचे पालन करीत होता.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. पाळीची माती वाहणारे हात मालगुजाराचे नव्हते. कुळे आणि भूमिहीन यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या तलावाचा मोठा लाभ जमीनधारकाला मिळे. देवत्व कोलू पटेलाला मिळाले. माती वाहणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत.

१९५१ : मालकीचे हस्तांतर

मध्य प्रदेश शासनाच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मालगुजारीचा अंत सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यकच होता. परंतु कायद्याने तलाव शासनाकडे आले, तलावाभोवतीची जबाबदारीची साखळी आली नाही. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. मालगुजाराच्या हातून सुटलेला अधिकार गावाच्या हाती यावयास हवा होता. तो कार्यालयाच्या हाती गेला. गाळ काढणे हे गावाचे काम न राहता अंदाजपत्रकातील एक बाब झाली. अनेक तलावांची साठवण घटली, काहींच्या तळात अतिक्रमणे झाली. तलाव शासनाचा आहे, तर दुरुस्तीही शासनानेच करावी, ही भावना स्वाभाविक होती.

येथे अंतर्दृष्टीविषयी एक महत्त्वाचा धडा मिळतो. ती वस्तूबरोबर हस्तांतरित होत नाही. नकाशा, सातबारा आणि चाव्या देता येतात. कोठे पाझर सुरू झाला हे पाळीवरून चालताना ओळखणारी नजर देता येत नाही. त्या नजरेला रोजचा संबंध लागतो, आणि असा संबंध हक्काशिवाय टिकत नाही.

अलीकडील प्रयत्न

महाराष्ट्र शासनाने २०१४ च्या अखेरीस ‘जलयुक्त शिवार’ आणि २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजना सुरू केल्या. गाळ शेतात नेण्याची जुनी रीत त्यांत शासकीय रूपाने परत आली, ही समाधानाची बाब होय. परंतु केवळ खोदकाम म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. तलावाचा उथळ काठ ही वाया गेलेली जागा नसते. तेथे देवधान, कमळ आदी वनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, पक्षी उतरतात. घनमीटरमध्ये मोजणाऱ्या दृष्टीला हा काठ केवळ न काढलेला गाळ वाटू शकतो.

या संदर्भात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या सोबतीने केलेले काम उल्लेखनीय आहे. बेशरमाची वाढ काढणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि देशी माशांना आसरा निर्माण करणे, अशी या कामाची दिशा राहिली. ज्या समाजाचे ज्ञान जुन्या व्यवस्थेत दुय्यम मानले गेले, त्याच समाजाची जाण येथे तलावाच्या पुनरुज्जीवनाचा आधार झाली.

निष्कर्ष :

१) अंतर्दृष्टी म्हणजे वस्तूंमधील संबंध पाहणे होय. नवेगावबांधच्या रचनेत टेकडी, माती, पाऊस आणि पीक यांचा असा संबंध दिसतो.

२) तिचा उपयोग केवळ निर्मितीपुरता नसून जतनासाठीही आहे. शब्द, रूढी आणि श्रमविभागणी यांत उतरल्यावरच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

३) १९५१ नंतरच्या अनुभवावरून असे दिसते, की जबाबदारी आणि हक्क यांपासून तोडलेली अंतर्दृष्टी क्षीण होते. तलावांच्या दुरुस्तीचा विचार करताना निधीइतकाच अधिकाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे; पाळीवर रोज चालणाऱ्या माणसाला निर्णयात स्थान मिळणे आवश्यक आहे.

४) प्रादेशिक इतिहासाच्या अध्यापनात तलावांचा समावेश झाल्यास, दस्तऐवजाबाहेरचे ज्ञान वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल. पाळ, सांडवा आणि मातीची नावे ही त्यासाठीची साधने महाविद्यालयांच्या अगदी जवळ, गावागावांत उपलब्ध आहेत. ती सांगणारी वृद्ध पिढी हयात आहे तोवर हे काम होणे अगत्याचे आहे.