सामता, हिरा आणि बॅटरी

आजच्या भागाला निमित्त झालं आमच्या बाथरूममधल्या सहा भोकांचं.

मी बडोद्यात राहतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण डॉक्टरांनी बजावलं की भिंतीला धरायचा दांडा बसवून घ्या. दांडा आणला. बसवणारा माणूस मात्र आठवडाभर 'उद्या नक्की' म्हणत राहिला. शेवटी मीच म्हटलं, आपणच ड्रिल घेऊ, बिनवायरचं, म्हणजे पुढेही घरात उपयोगी पडेल. बावीसशे रुपयांत एक मिळालं. पेटीवर मोठ्या अक्षरांत '४८ व्हीएफ' लिहिलेलं, हॅमरचं चित्र, सोबत दोन बॅटऱ्या आणि चोवीस बिटं.

दांड्याच्या एका टोकाची तीन भोकं लोण्यात सुरी जावी तशी झाली. दुसऱ्या टोकाची तीन होईनात. बारा-तेरा मिलिमीटर आत गेल्यावर बिट नुसतं किंचाळायला लागलं, टोक निळं पडलं आणि दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी आखूड स्क्रू आणले आणि त्या उथळ भोकांत बसवून टाकले. दिसायला दांडा झकास दिसत होता. नशीब असं, की आईला दाखवण्याआधी मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. ते टोक प्लगसकट हातात आलं.

म्हणजे काय, की मी आईला एक खोटा आधार देणार होतो. नुसता दांडा नसता तर ती निदान जपून चालली असती.

त्या संध्याकाळी मला प्रश्न पडला की एकच यंत्र, एकच बिट, एकाच भिंतीत हाताभराच्या अंतरावर दोन वेगळे निकाल का देतं? याचं उत्तर शोधताना मी मागे मागे जात राहिलो आणि थेट नऊ हजार वर्षं मागे पोहोचलो.

बलुचिस्तानात मेहरगढ नावाचं नवाश्मयुगीन ठिकाण आहे. तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांचे अकरा दात असे सापडले, ज्यांना जिवंतपणी गारगोटीच्या टोकाने भोकं पाडली होती. वय साधारण साडेसात ते नऊ हजार वर्षं. २००६ साली हे संशोधन 'नेचर'मध्ये आलं. संशोधकांनी तसंच धनुष्याच्या दोरीने फिरणारं साधन करून पाहिलं, तेव्हा दाताच्या कठीण आवरणात एका मिनिटाच्या आत भोक पडलं. हे लोक मणी करणारे होते. मण्याला भोक पाडता पाडता दाताला पाडायला शिकले असावेत.

हेच ते आपलं सामता. आमच्या लहानपणी सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी यांच्या शेजारी ते असायचं: लाकडी दांडी, टोकाला पातं, दांडीला दोरीचा वेढा आणि पुढे-मागे ओढायची कमान. इथले गुजराती सुतार भोक पाडायच्या हत्याराला शारडी म्हणतात. गिरमिट वेगळं, ते हाताने पिळायचं. (फिजी-मॉरिशसला गेलेल्या मजुरांचं 'गिरमिट' आणखी वेगळं, ते 'अ‍ॅग्रीमेंट'चं अपभ्रष्ट रूप. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू.)

बडोद्याहून खंबात लांब नाही. तिथे अकीक दगडाचे मणी आजही होतात. हडप्पा काळातले कारागीर लांबलचक अकीक मण्यांना भोक पाडायला एक खास, अतिशय कठीण दगड वापरत. चन्हुदडोचं उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्याला 'अर्नेस्टाइट' म्हणतात. एका लांब मण्याला कित्येक दिवस लागत. खंबातच्या पारंपरिक कारागिराकडे पुढे त्याहून सरस वस्तू आली: सळईच्या टोकावर बसवलेले हिऱ्याचे दोन बारीक कण. कमान तीच, हात तोच. बदललं ते फक्त टोक.

इथे मला माझ्या भिंतीचं अर्धं उत्तर मिळालं. भोक पाडण्याच्या इतिहासात दोन वेगळे प्रश्न आहेत. टोक कशाचं, हा एक. त्यामागे जोर कोणाचा, हा दुसरा. दुकानात आपण दुसऱ्याबद्दल विचारतो, तेही चुकीच्या आकड्यात, आणि पहिला पूर्ण विसरतो.

टोकाचं आधी सांगतो. १९२० च्या दशकात जर्मनीत एसेनच्या क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडची हत्यारं बाजारात आणली आणि नाव ठेवलं 'विडिया'. जर्मनमध्ये 'वी दियामांट' म्हणजे हिऱ्यासारखं, त्याचा हा संक्षेप. आपल्याकडे कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, कारागीर आजही 'विडिया टिप' म्हणतो, कंपनी कुठलीही असो. भिंतीसाठीच्या बिटाच्या टोकाला जो करड्या रंगाचा, थोडा रुंद तुकडा डाखलेला असतो, तो हाच. माझ्या चोवीस बिटांतली वीस लाकूड-लोखंडाची होती आणि भिंतीच्या चारांवर विडियाचा तुकडा नखाएवढाही नव्हता. चांगलं एक बिट शे-दीडशे रुपयांना येतं. चोवीसच्या मोहात पडू नका.

आता जोर. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं, पण ते उचलून न्यायचं प्रकरण नव्हतं. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरता येईल असं केलं. आणि ज्या रूपात आपण ड्रिल ओळखतो, पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, ते बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या जोडीचं. पेटंट १९१७ चं. शंभर वर्षं उलटली, पण मूठ बदलली नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिलं घरी नेतात असं त्यांच्या लक्षात आलं आणि १९४६ मध्ये त्यांनी खास घरासाठीची स्वस्त ड्रिलं काढली. घरमालकाने स्वतः भोक पाडायचं, ही हौस अशी बाजारात आली.

बिनवायरचं ड्रिल १९६१ चं, त्याच कंपनीचं, निकेल-कॅडमियम बॅटरीवरचं. ते चंद्रासाठी 'नासा'ने शोधलं असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते खरं नाही, ड्रिल आधी आणि चंद्र नंतर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीवरचं ड्रिल चंद्रावर चालवलं हे मात्र खरं. ते फिरता फिरता ठोकेही मारत होतं. तरीही ठरवलेल्या खोलीपर्यंत भोकं गेली नाहीत आणि मातीचा नमुना घेणारी नळी अशी अडकली की दोन अंतराळवीरांना मिळून ती उपसावी लागली. हे वाचून मला फार बरं वाटलं.

निकेल-कॅडमियमची खोड अशी की वापरलं नाही तरी ती आपोआप उतरायची. कधीमधी वापरणाऱ्याला तर ती ऐनवेळी दगाच द्यायची. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, २००५ च्या सुमारास ती ड्रिलमध्ये आली आणि हे दुखणं बरंचसं गेलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच बॅटरीच्या तीन जनकांना मिळालं. महिन्यातून एकदा ड्रिल काढणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी त्यांचे आभार मानायला हरकत नाही. फक्त बॅटरी पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकू नका. अर्धी भरलेली, थंड जागी ठेवा.

आता पेटीवरचे आकडे. लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो, पूर्ण भरल्यावर ४ च्या वर जातो. तीन सेल म्हणजे १०.८, त्यालाच '१२ व्होल्ट मॅक्स' म्हणतात. पाच सेल म्हणजे १८, तेच '२० मॅक्स'. दोन्ही एकच, हे कळलं की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. आणि माझं '४८ व्हीएफ'? मी बॅटरी उघडून पाहिली. (तुम्ही उघडू नका, सेल जोडले गेले तर आग लागते.) आत पाच सेल. त्या ४८ ला विजेच्या शास्त्रात काहीही अर्थ नाही.

जरा हिशेब करू. १०.८ व्होल्ट, दीड अ‍ॅम्पियर-तास म्हणजे साधारण १६ वॉट-तास. पाचशे वॉटचं वायरवालं ड्रिल पूर्ण जोरात तेवढी वीज दोन मिनिटांत खाईल. बिनवायरच्या स्वस्त ड्रिलला ताकद जपूनच खर्चावी लागते. लाकूड, प्लायवूड, पत्रा आणि स्क्रू पिळणं यांना ती भरपूर पुरते. विटेलाही पुरते.

काँक्रीटचं गणित वेगळं. स्वस्त ड्रिलमधला हॅमर म्हणजे दातेरी दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि मिनिटाला वीसेक हजार बारीक ठोके बसतात. ठोके पुष्कळ, पण एकेक चिमटीएवढा. वीट फुटते, काँक्रीटमधली खडी हसते. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर दट्ट्या आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येकात दम असतो. माझ्या दांड्याचं डावं टोक विटेच्या भिंतीत होतं आणि उजवं काँक्रीटच्या खांबावर. एवढंच होतं ते रहस्य. हल्ली हैदराबाद, बंगळूर, पुण्याकडच्या उंच इमारतींत अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे राहत असाल तर बिनवायरच्या हॅमरसाठी जास्तीचे पैसे मोजणं मला तरी व्यर्थ वाटतं.

प्लगचा किस्सा राहिलाच. १९११ च्या आसपास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंत न फोडता विजेची जोडणी करायची होती. जॉन रॉलिंग्ज नावाच्या बांधकामवाल्याने ताग आणि जनावराचं रक्त घट्ट दाबून नळी केली, भोकात घातली आणि तिच्यात स्क्रू पिळला. तोच रॉलप्लग, आपल्याकडचा 'रावल प्लग'. त्याआधी भिंत टोकरून लाकडी गिट्टी ठोकायचे. प्लग भिंत धरतो तो फुगून, पण फुगायला त्याला पुरी खोली लागते. बारा मिलिमीटरच्या खळग्यात तो फुगणार कुठे?

मी शेवटी काय केलं? स्वस्त ड्रिल परत केलं. घेतलं ते १२ व्होल्टचं, हॅमर नसलेलं, १० मिलिमीटर चकचं, दोन वेगांचं. पुढच्या फिरत्या कड्यावर आकडे आहेत, म्हणजे स्क्रू पुरेसा बसला की ते आपण होऊन सुटतं आणि लाकूड फाटत नाही. पैसे साडेतीन हजार. घेण्याआधी एकच गोष्ट खोदून विचारली: याची सुटी बॅटरी बडोद्यात मिळते का आणि केवढ्याला? ड्रिल दहा वर्षं चालेल, बॅटरी नाही. 'मागवून देऊ' असं उत्तर देणाऱ्या दुकानातून मी उठलो.

आणि खांबासाठी हार्डवेअरच्या दुकानातून वायरवालं रोटरी हॅमर एका दिवसाकरता भाड्याने आणलं. टाइलपुरता हॅमर बंद ठेवला, चिकटपट्टी लावून हळू फिरवलं. टाइल संपल्यावर हॅमर चालू. पन्नास मिलिमीटर खोल भोक अर्ध्या मिनिटातही झालं. आत सळई लागते की काय ही धाकधूक होती, पण लागली नाही. लागली असती तर जागा बदलली असती, खांबाची सळई तोडायची नसते. भोकांतली धूळ फुंकून काढली, सिलिकॉन भरलं, प्लग बसवले आणि पुन्हा लोंबकळलो. मग मुलाला लोंबकळायला लावलं, तो माझ्याहून दहा किलो जास्त आहे.

नवं ड्रिल त्यानंतर चार वेळा काढलं: दोनदा कपाटाच्या बिजागरीला, एकदा पडद्याच्या दांडीला, एकदा शेजाऱ्यांच्या पाळण्याला. आई सध्या त्या दांड्यावर ओला पंचा वाळत घालते. "अगं आई, धरतेस का कधी?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आहे ना तिथे? मग झालं."