भंगाराचा कस

सराफाच्या दुकानात पूर्वी एक काळा दगड असे. दागिना त्यावर घासायचा, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते डोळ्यांनी ताडायचे. हा कसोटीचा दगड. संस्कृतात त्याचे एक नाव निकष. आज निकष म्हटले की सरकारी परिपत्रक आठवते, पण शब्द मुळात या दगडाचा आहे. सोने बावनकशी म्हणतो तेव्हाही हवाला त्याचाच असतो.

टाकून दिलेल्या टीव्हीत, मिक्सरमध्ये, चार्जरच्या वायरीत शिसे किती आणि कॅडमियम किती, हे मोजणाऱ्या यंत्राची कुळकथा या दगडापासून सांगायला हवी. कारण तेच यंत्र आज दगडाची जागा घेऊन सराफाच्या दुकानात बसले आहे. तिथे त्याला कॅरेटोमीटर म्हणतात. भंगार तपासणाऱ्याच्या हातात ते पिस्तुलाच्या आकाराचे असते. तत्त्व एकच आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९, पाऱ्याचा ८० आणि शिशाचा ८२. तिघे एकाच आळीत राहणारे. सोने ओळखायला शिकलेल्या यंत्राला शिसे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आणि गंमत वाटावी इतके साम्य असे, की या नव्या कसोटीतही अखेर रेघच पाहायची असते.

१८९५ मध्ये रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. पुढे चार्ल्स बार्क्लाने दाखवले, की मूलद्रव्यांवर क्ष-किरण सोडले तर ती स्वतःचे, आपापल्या जातीचे क्ष-किरण परत फेकतात. पण खरे काम मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत हेन्री मोझली या तरुणाने केले. १९१३ मध्ये त्याने हवा काढून घेतलेल्या काचनळीत रूळ बसवले, त्यावर छोटा गाडा ठेवला, गाड्यावर धातूंचे नमुने मांडले आणि रेशमी दोरीने ओढत एकेक नमुना कॅथोड किरणांच्या माऱ्याखाली आणला. निघालेले क्ष-किरण स्फटिकावरून वळवून फोटोच्या काचेवर घेतले. कॅल्शियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये. प्रत्येकाच्या दोन रेघा, आणि अणुक्रमांक एकाने वाढला की रेघा ठरावीक पावलाने सरकलेल्या. फोटो एकाखाली एक लावले तर जिना दिसतो.

या जिन्यात मला सर्वांत जवळची वाटते ती शेवटची पायरी. तिथे शुद्ध जस्ताऐवजी त्याने पितळ ठेवले होते. फोटोत तांब्याच्याही रेघा आल्या, जस्ताच्याही. कोबाल्टच्या फोटोत तर लोखंड आणि निकेल यांच्या पुसट रेघा दिसल्या, म्हणजे नमुन्यातली भेसळ स्वतःहून पुढे आली. मोझलीने निबंधातच लिहून ठेवले, की ही रासायनिक पृथक्करणाची प्रभावी पद्धत ठरू शकेल. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या रणभूमीवर गोळी लागून तो गेला. वय २७.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात. १९४८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत फ्रीडमन आणि बर्क्स यांनी नमुन्यावर क्ष-किरणच टाकून मोजणारे आधुनिक यंत्र उभे केले. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची माती याच जातीच्या यंत्राने तपासली. १९८०च्या दशकात गात्ती आणि रेहाक यांनी काढलेल्या नव्या सिलिकॉन संवेदकामुळे यंत्र थंड ठेवायला द्रव नायट्रोजनचे पिंप लागेनासे झाले आणि ते हातात मावू लागले.

पण हातात घेऊन ते वायरीवर रोखायचे कशाला? ते कारण पुरवले एका खेळण्याने. २००१ च्या अखेरीस नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीच्या प्लेस्टेशनचे सुमारे १३ लाख खोके अडवून धरले. दोष यंत्रात नव्हता, सोबतच्या वायरीत होता. तिथे कॅडमियम मर्यादेबाहेर निघाले. कॅडमियम हे नाव आपल्या घरांतही नवे नाही. 'केडीएम' दागिन्यांतले केडीएम ते हेच. डाख लावताना सोन्यात मिसळायचे, ते लवकर वितळते, आणि त्याची वाफ कारागिराच्या छातीत जाते.

२००३ मध्ये युरोपीय संघाने विजेच्या उपकरणांतल्या अशा घातक पदार्थांवर कायदा केला, १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून घालायची ब्रोमीनयुक्त रसायनांची दोन कुळे, यांना हजारात एक भाग एवढीच मुभा. कॅडमियमला दहा हजारांत एक. भारताच्या २०११ च्या ई-कचरा नियमांत हेच आकडे आले.

या कायद्यातली शहाणपणाची गोष्ट आकड्यात नाही, भाजकात आहे. हजारात एक, पण कशाच्या हजारात? जुन्या डाखात शिसे शेकडा ३७ असायचे. ते सबंध टीव्हीच्या वजनाने भागले तर नगण्य होते. म्हणून कायदा म्हणतो, जो पदार्थ कापून, खरवडून, दळून आणखी वेगळा करता येत नाही, त्याच्या वजनाने भागा. वायर म्हणजे एक वस्तू नव्हे. तांबे वेगळे, त्यावरचा कथलाचा थर वेगळा, आवरण वेगळे. त्यामुळे पिस्तूल रोखण्याआधी पक्कड आणि पाते घेऊन बसावेच लागते. धातूत हे किरण मिलिमीटरच्या लहानशा अंशापलीकडचे काही सांगत नाहीत. नुसता वरून मारा केला तर मुलाम्याचा कस कळेल.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. हे यंत्र अणू ओळखते, त्याची संगत ओळखत नाही. ब्रोमीन आहे एवढे सांगेल, पण बंदी असलेल्या रसायनातले की चालणाऱ्या, हे नाही. स्टीलला चमक देणारे क्रोमियम आणि कर्करोग देणारे क्रोमियम त्याला सारखेच. शिशाची मुख्य रेघ आणि आर्सेनिकची मुख्य रेघ जवळजवळ एकमेकींवर पडतात, तेव्हा शिशाची दुसरी रेघ पाहून खात्री करावी लागते. म्हणून चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने प्रामाणिकपणे तीन निकाल ठेवले. प्लॅस्टिकमध्ये शिसे दशलक्षात साधारण ७०० भागांच्या आत असेल तर पास, १३०० च्या पुढे नापास, मधले अनिर्णित. ब्रोमीनला तर नापास हा निकालच नाही. ३०० च्या वर गेले की अनिर्णित, पुढे प्रयोगशाळा. तिथे प्लॅस्टिक द्रावकात उकळून रेणू वेगळे करायचे. क्रोमियमसाठी डायफिनाइलकार्बाझाइड टाकायचे आणि जांभळा रंग चढतो का ते पाहायचे. हॉलमार्क केंद्रातही असेच चालते. आधी क्ष-किरण, मग दागिन्याचा तुकडा भट्टीत.

ब्रोमीनचा हा संशय बारीकसारीक नाही. जुन्या टीव्हीची काळी पाठ वितळून पुन्हा काळेच प्लॅस्टिक होते, आणि युरोपात काळ्या उलथन्यांत, खेळण्यांत ही रसायने सापडलेली आहेत. तिथल्या पुनर्वापराच्या मानकात किलोला २ ग्रॅमच्या वर ब्रोमीन असलेले प्लॅस्टिक बाजूला काढतात.

आपल्याकडे भंगाराच्या गल्लीत प्लॅस्टिक निवडणाऱ्यांचीही एक रीत आहे. चुरा मिठाच्या पाण्यात टाकतात. जड असते ते बुडते, आणि ब्रोमीनवाले बहुधा जड असते. त्यानेही उमगले नाही तर तुकड्याच्या कोपऱ्याला लायटर लावतात, ज्योत विझवतात आणि धूर नाकाजवळ नेऊन वास घेतात. मग तुकडा आपल्या ढिगात पडतो आणि हात पुढचा उचलतो.