एक ना धड, भाराभर चिंध्या : भंडाऱ्याचे पाणी आणि प्रकल्पांचा क्रम

आजचा विषय वरवर पाहिला तर व्यवस्थापनाच्या वर्गातला वाटेल. एखाद्या संस्थेच्या हातात एकाच वेळी अनेक प्रकल्प असतात आणि पैसा, माणसे, वेळ मात्र मोजकेच. मग आधी काय करायचे, नंतर काय, आणि काय करायचेच नाही, हे ठरवायचे कसे? हल्ली याला प्रोजेक्ट पोर्टफोलिओ म्हणतात. आम्ही मात्र हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातून, वैनगंगेच्या काठावरून बघणार आहोत. कारण क्रम चुकला की काय होते, हे तिथे तीन-चार पिढ्यांनी भोगले आहे.

सुरुवात तलावांपासून करू. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले पुष्कळसे बांधले. उताराची जागा बघायची, मातीची पाळ घालायची, खालच्या बांध्यांना पाणी द्यायचे. धानाला रोवणीच्या वेळी आणि लोंबी भरताना पाणी लागतेच, आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो.

आता बघा, या व्यवस्थेत प्रकल्पांची यादीच नव्हती. एक गाव, एक तलाव. ठरवणारा, खर्च करणारा आणि पाणी घेणारा एकाच शिवारात राहत होता. काम अर्धवट राहिले तर पुढच्या हंगामात त्याच्याच बांध्या वाळणार. याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा नाही. मालगुजाराची जमीन आधी भिजायची, राबणाऱ्याची नंतर, आणि राबणाऱ्याला मोबदला मिळेलच असेही नव्हते. म्हणजे क्रम तेव्हाही होता. फक्त तो सगळ्यांना दिसत होता.

यादी आली ती इंग्रजी अमलात. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. 1901 साली कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला. त्या काळी सरकार सिंचनाच्या कामांची दोन गटांत वाटणी करत असे. एक 'उत्पादक' कामे, म्हणजे पाणीपट्टीतून गुंतवलेल्या रकमेचे व्याज निघेल अशी. दुसरी 'संरक्षक', म्हणजे व्याज निघणार नाही, पण दुष्काळ टळेल अशी. पहिल्या कसोटीवर मध्य प्रांतातली कामे मागेच पडायची, कारण बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी विकत कशाला घेईल? आयोगाने संरक्षक कामांची बाजू मांडली आणि पुढच्या वीसेक वर्षांत या भागात मोठे सरकारी तलाव झाले. तुमसर तालुक्यातला चांदपूरचा तलाव त्यांतलाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कसोटी बदलली की यादीचा क्रम बदलतो. नफा मोजला तर भंडारा खाली, उपासमार मोजली तर वर. आकडे तेच, माणसे तीच. म्हणून 'हा निर्णय तांत्रिक आहे' असे कुणी म्हणाले की आपण आधी विचारावे, कसोटी कोणी ठरवली?

स्वातंत्र्यानंतर 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालक गेला, पण पाळ दुरुस्त करायची कोणी, हा प्रश्न राहिला. 1960 साली महाराष्ट्र झाला, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठी कामे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. खात्याचे सगळे लक्ष नव्या धरणांकडे. जुन्या पाळीच्या दुरुस्तीचे उद्घाटन कोण करणार? गाळ साचत गेला, हजारो तलावांची साठवण घटली. चालू असलेल्या गोष्टीची देखभाल हाही यादीतलाच एक प्रकल्प असतो, पण तो यादीच्या तळाशी जातो.

आणि मग येते गोसीखुर्द. पवनी तालुक्यात वैनगंगेवर मोठे धरण, सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट, लाभ भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांना. 1983 साली मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती 372 कोटी. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. 2016 च्या सुधारित मान्यतेत किंमत 18,494 कोटींवर गेली. म्हणजे जवळपास पन्नास पट. यात महागाई आहे, जमिनीचे वाढलेले दर आहेत, कामाची वाढलेली व्याप्ती आहे. पण मुळाशी आहे तो वेळ.

हा वेळ गेला कुठे? एक साधा हिशोब करू, अगदी कागदावरचा. समजा एका महामंडळाकडे 10 प्रकल्प आहेत, प्रत्येकी 100 कोटींचे. दरवर्षी मिळतात 100 कोटी. सगळ्यांना खूश ठेवायचे म्हणून प्रत्येकाला 10 कोटी दिले, तर दहाही प्रकल्प दहाव्या वर्षाच्या शेवटी पुरे होतात. नऊ वर्षे कुणालाच थेंबभर पाणी नाही, कारण अर्धा कालवा अर्धे पाणी देत नाही. आता उलट करा. दरवर्षी एकच प्रकल्प पूर्ण करा. पहिल्या गावाला पहिल्या वर्षाच्या शेवटी पाणी, दुसऱ्याला दुसऱ्या. आणि सगळ्यात शेवटच्याला? दहाव्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे वाटून दिले असते तेव्हाच! रांगेतल्या शेवटच्या माणसाचेही काही नुकसान नाही. बाकी नऊ जणांचा निव्वळ फायदा.

मग असे का होत नाही? आमचे उत्तर असे की हा हिशोबाचा नाही, विश्वासाचा प्रश्न आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला खात्री नसते की रांग त्याच्यापर्यंत पोहोचेल. सरकार बदलेल, मंत्री दुसऱ्या जिल्ह्याचा येईल, पैसे संपतील. म्हणून तो म्हणतो, 'आज माझ्याकडे निदान एक दगड तरी ठेवा.' भूमिपूजनाचा दगड म्हणजे रांगेतले टोकन. काम सुरू झाले की ते बंद करणे अवघड, एवढीच त्याला हमी.

विदर्भाला हा अविश्वास उगाच वाटत नव्हता. वि. म. दांडेकर समितीने 1984 साली प्रादेशिक अनुशेष आकड्यांत मांडला, तेव्हा सिंचन ही त्यातली सर्वांत ठळक बाब होती. पुढे 1996 साली कृष्णा खोरे महामंडळ आधी स्थापन झाले, कारण बच्छावत लवादाने दिलेले पाणी 31 मे 2000 च्या आत अडवायचे होते. मुदत खरी होती, कारण रास्त होते. पण वैनगंगेला अशी मुदत नव्हती, म्हणून तिला घाईही नव्हती. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ 1997 साली आले. पुढे 2001 साली राज्यपालांनी, घटनेच्या कलम 371(2) खाली, निधीवाटपाचे निर्देश दिले. पळवापळवी थांबावी म्हणून ते हवेच होते. पण प्रदेशाला किती पैसा, हे त्यांनी ठरले. आत कोणता प्रकल्प आधी पुरा करायचा, हा प्रश्न उरलाच.

महामंडळाच्या यादीत मोठे, मध्यम, लघु मिळून शेकडो प्रकल्प जमले. एक ना धड, भाराभर चिंध्या! त्यात 2009 साली विदर्भातल्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेल्याचे प्रकरण गाजले. पुढे वडनेरे समिती, मेंढेगिरी समिती, नोव्हेंबर 2012 ची श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांचे विशेष तपास पथक हे सगळे झाले. चर्चा भ्रष्टाचारावर झाली, व्हायलाच हवी होती. पण लांबलेली यादी हीच गैरव्यवहाराला सोयीची जमीन असते, हा मुद्दा मागे पडला. दहा ठिकाणी अर्धवट कामे असली की कुठे किती खर्च झाला आणि का, हे विचारणारा दमून जातो.

क्रम लावायचे प्रयत्नही झाले. 1996-97 पासून केंद्राने वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम आणला, बरेच पुढे जाऊन पैशाअभावी अडलेल्या कामांसाठी. 2016 साली देशभरातले 99 प्रकल्प अग्रक्रमाने निवडले गेले. त्यांत महाराष्ट्राचे 26, आणि त्यांत गोसीखुर्द व तुमसर भागाला पाणी देणारा बावनथडी हे दोन्ही. पण 'जास्त पुढे गेलेला आधी' या कसोटीतही एक खोच आहे. 100 कोटींच्या कामावर 80 खर्च झाले, म्हणून 80 टक्के पूर्ण. उद्या किंमत 400 कोटी झाली की तेच काम 20 टक्क्यांवर येते! म्हणून किती खर्च झाला यापेक्षा किती उरला आणि उरलेल्या रुपयामागे किती बांध्या भिजणार, हे विचारलेले बरे.

शेवटी, या यादीत ज्यांचा रकानाच नव्हता त्यांच्याबद्दल. ज्यांची शेती आणि घरे बुडाली, त्यांचे पुनर्वसन प्रकल्पाचाच भाग. पण भिंत आधी, कालवे नंतर, माणसे शेवटी असा क्रम लागला. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज मंजूर झाले ते 2013 साली, भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी. भूमिपूजनाला बापाच्या खांद्यावर बसून आलेले पोर तोवर स्वतः बाप झाले असेल.

तेव्हा मंडळी, तुमची संस्था लहान असो की मोठी, नवे काम सुरू करताना दोन गोष्टी करून बघा. हातातली यादी आणि तिचा क्रम सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावा. आणि रांगेत शेवटी असलेल्याला त्याची पाळी कधी येईल, हे सांगून तो शब्द पाळा. शब्द पाळला गेला तर तो थांबायला तयार होतो. नाहीतर तोही उद्या दगड घेऊन येईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.